यवतेश्वरचा घाट उतरताना: हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीबद्दल एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ४७ वर्षांच्या, साताऱ्यातच शाळेत शिकवता. तीन वर्षं झाली, तुमचा बारा-पंधरा जणांचा ग्रुप रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जातो. त्यातले पाच-सहा जण पळतात, बाकीचे चालतात. यंदा सगळ्यांनी मिळून सप्टेंबरच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय आणि हातात सोळा आठवडे आहेत. तुम्हाला सलग एक किलोमीटरसुद्धा पळता येत नाही आणि किल्ला उतरताना उजवा गुडघा दुखतो. तेवढ्या वेळात जमेल का, ग्रुपबरोबर सराव करू की एकटीने, आणि सलवार-कमीज घालून पळलं तर चालेल का, हे तुमचे तीन प्रश्न.

जमेल. तीन वर्षं रोज किल्ला चढणाऱ्या बाईचं हृदय आणि फुप्फुसं या कामाला तयार असतात, हे मी अकरा वर्षं असाच एक ग्रुप सांभाळताना पुन्हा पुन्हा पाहिलंय. काळजी दमाची करू नका. काळजी उतरण्याची करा, आणि नेमकी तीच गोष्ट तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहून पुढे गेलात.

ही स्पर्धा २०१२ पासून होते आणि तिचा रस्ता आपल्या पायाखालचा आहे. शहरातून निघायचं, यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेने वर जायचं, अर्ध्यावर वळायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. एकूण अंतर २१ किलोमीटर आणि चढ काहीशे मीटरचा. म्हणजे चढ आधी आणि उतार नंतर. सपाटीवरच्या स्पर्धेत शेवटच्या पाच किलोमीटरला दम संपतो. इथे दम शिल्लक असतो, पण मांड्या संपतात. वर वळताना हसतखेळत असलेली माणसं घाटाच्या शेवटच्या वळणांवर कठड्याला धरून उभी राहिलेली मी दर वर्षी बघते.

असं का होतं ते समजून घ्या, कारण सगळी तयारी त्यावरच ठरते. विहिरीतून भरलेली घागर वर ओढताना दंड भरून येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तीच भरलेली घागर, दोर हातातून थोडाथोडा सोडत, हिसका न बसू देता खाली उतरवून बघा. स्नायू ताणलाही जातो आणि त्याच वेळी आवळूनही धरतो. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू हेच काम करतो. सपाटीवर पळतानाही पायावर शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो, उतारावर तो वाढतो. त्या वेळी धाप लागत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की आराम चाललाय. स्नायूच्या तंतूंना मात्र बारीक बारीक इजा होत असते. तिचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं, जिना उतरताना.

यातली चांगली गोष्ट अशी की स्नायू हे फार लवकर शिकतो. एकदा बेताने उतरलात, दोन-तीन दिवस दुखू दिलं, तर पुढच्या वेळी तेवढ्याच उतारावर निम्मंही दुखत नाही, आणि हा परिणाम काही आठवडे टिकतो. म्हणजे हे शिक्षण आधी विकत घेऊन ठेवता येतं. मी माझ्या पहिल्या वर्षी ते घेतलं नव्हतं. सराव म्हणून शनिवार-रविवार घाट चढायचो आणि वरून कुणाच्या तरी गाडीत बसून खाली यायचो, कारण उतरणं म्हणजे सराव नव्हे असं आम्ही धरून चाललो होतो. स्पर्धेत तिथून पोरांच्या जोडीने सुसाट सुटले. त्यानंतर अडीच महिने मला खाली बसून केर काढता आला नाही. ती चूक ग्रुपमध्ये आणखी चौघांनी केली होती आणि सराव मी घेत होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुमचा गुडघा. चढताना दुखत नाही, उतरताना वाटीच्या भोवती किंवा मागे दुखतं, बराच वेळ मांडी घालून बसल्यावर उठताना कळ येते, असं असेल तर बहुतेक वेळा मांडी आणि खुबा कमजोर असल्यामुळे वाटीवर नको तिथे दाब येत असतो. घरी एक परीक्षा करा. आरशासमोर वीतभर उंचीच्या पायरीवर उजव्या पायावर उभ्या राहा आणि डावी टाच हळूच जमिनीला टेकवा. गुडघा आत, अंगठ्याच्याही आतल्या बाजूला झुकला तर कमजोरी खुब्यात आहे. पण गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल, पाय एकाएकी दगा देत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या दुखत असेल, तर माझं काही ऐकू नका. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि मगच पुढचं वाचा.

व्यायाम तीनच सांगते, पण ते सोळाही आठवडे एक दिवसाआड व्हायला हवेत. पहिला तोच, पायरीवरून उतरण्याचा: मनात एक-दोन-तीन म्हणत टाच खाली न्यायची, गुडघा मधल्या बोटाच्या रेषेत ठेवायचा, प्रत्येक पायाने दहा वेळा, तीन फेऱ्या. भिंतीला हात टेकवला तरी चालेल. दुसरा, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, पाच आकडे धरायची, पंधरा वेळा. तिसरा, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलायचा, टाच किंचित मागे, पंधरा वेळा. आपल्याकडच्या तालमीत पोरं बैठका मारतात, त्याही उत्तम. मात्र तुम्ही दोन महिने खुर्चीला जेमतेम टेकून उठण्यापुरत्याच करा. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळलं तर चालू ठेवा. सकाळी जास्तच दुखलं तर पायरीची उंची निम्मी करा.

उतरायचं कसं, हे लिहून सांगणं अवघड आहे. म्हणून एक प्रसंग सांगते. गेल्या जुलैतला रविवार, घाटात इतकं धुकं की दहा पावलांवरचं माणूस दिसत नव्हतं. आम्ही एकामागे एक उतरत होतो. दिसत काही नव्हतं, त्यामुळे पावलांचे आवाजच काय ते ऐकू येत होते. माझ्या मागे धप्, धप्, धप् असा जड आवाज. ओल्या डांबरावर टाच आपटत होती. त्या आमच्या ग्रुपमधल्या एक वहिनी, पन्नाशीच्या पुढच्या. उताराला घाबरून अंग मागे टाकत होत्या आणि टाच पुढे रोवून ब्रेक लावत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, घरात बाळ नुकतंच झोपलंय आणि तुम्ही माडीवरून उतरताय, असं समजा." त्या काही बोलल्या नाहीत. चाळीस-पन्नास पावलांनी आवाज बदलला. धप् धप् जाऊन बारीक टप टप टप सुरू झालं, पावलं लहान झाली, जलद झाली. एका वळणानंतर तर आवाजच येईना, म्हणून मी काळजीने मागे वळून पाहिलं, तर त्या अगदी माझ्या खांद्यापाशी होत्या.

एवढंच आहे ते. पाऊल लहान, शरीराच्या खाली पडणारं. गुडघा कधीही पूर्ण ताठ नाही. अंग घोट्यापासून किंचित पुढे, कंबरेतून वाकलेलं नाही. नजर पायाशी नको, दहा-पंधरा पावलं पुढे. हात जरा फाकलेले, तोल सांभाळायला. आवाज आला की पावलं लहान करायची. अजिंक्यताऱ्याचा डांबरी रस्ता यासाठी तुम्हाला घरच्याइतका जवळचा आहे. आजवर किल्ला चढून झाला की गप्पा मारत पाय टाकत खाली येत असाल. उद्यापासून गप्पा चढताना मारा आणि उतरताना ऐका.

आठवड्याचं गणित आता. मंगळवार आणि गुरुवारी शाहू स्टेडियमसारख्या सपाट जागी अर्धा तास: एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं दहा वेळा. तीन आठवड्यांनी दोन मिनिटं पळणं आणि दोन चालणं. सातव्या-आठव्या आठवड्यापासून तीनास एक. घड्याळ नको वाटत असेल तर पावलं मोजा, साठ पळायची, साठ चालायची. धुक्यात आणि पावसात हेच सोपं जातं. शनिवारी आणि आणखी एका दिवशी नेहमीसारखा किल्ला, चालतच. सोमवार आणि शुक्रवार पूर्ण विश्रांती. व्यायाम मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सराव झाल्यावर करा म्हणजे विश्रांतीचे दिवस मोकळे राहतील.

रविवार लांब अंतराचा. पहिले तीन रविवार सहा, सात, आठ किलोमीटर आणि चौथ्या रविवारी परत सहा. मग नऊ, दहा, बारा, आणि आठव्याला आठ. मग तेरा, चौदा, सोळा, आणि बाराव्याला दहा. तेराव्या रविवारी अठरा, तो सगळ्यात मोठा. चौदाव्याला तेरा, पंधराव्याला आठ, आणि सोळाव्या रविवारी स्पर्धा. दर चौथ्या आठवड्याला अंतर उतरवलंय ते मुद्दाम. त्या आठवड्यात "मला तर काहीच होत नाही, कशाला कमी करू" असं वाटेल. काहीच होत नाही तेव्हाच कमी करायचं असतं, शरीर दुरुस्तीचं काम त्याच आठवड्यात करतं. पूर्ण २१ किलोमीटर सरावात एकदाही करायची गरज नाही. अठरा झाले की उरलेले तीन त्या दिवशीच्या गर्दीच्या आणि वाजतगाजत उभ्या असलेल्या लोकांच्या बळावर होतात.

पहिले चार आठवडे यवतेश्वरला जाऊच नका. पाचव्या रविवारी घाटात जा आणि शेवटचे दोनच किलोमीटर उताराचे ठेवा, तेही चालत. दोन आठवड्यांनी चार किलोमीटर, त्यातले निम्मे हळू पळत. मग सहा. तेराव्या रविवारच्या अठरामध्ये आठ-नऊ किलोमीटर उतार हवा. त्यानंतर स्पर्धेपर्यंत मोठा उतार घ्यायचा नाही, मांड्यांना भरून यायला वेळ द्यायचा. उताराच्या रविवारनंतर दोन दिवस मांड्या दुखणारच, दोन्ही बाजूंनी सारख्या आणि दाबल्यावर दुखतील. ते चांगलं दुखणं. एकाच बाजूला, एकाच बोटभर जागेवर, सांध्यात किंवा नडगीच्या हाडावर दुखलं तर ते वाईट. त्या आठवड्यात पळणं बंद, चालणं चालू.

ग्रुपबरोबर की एकटीने? ग्रुपबरोबर, यात मला शंका नाही. पहाटे पाच वाजता, पावसात, अंधारात बाईमाणसाने घाटात एकटीने जाऊ नये हे एक कारण आहेच. आणि आठवड्याचे पाच दिवस उठवणारं कुणीतरी लागतं. पण ग्रुपनेच जितकी माणसं जायबंदी केलीत तितकी घाटानेही केली नाहीत. पाच जण पळायला लागले की सहावा लाजेखातर पळतो. तुमच्या प्रश्नात "बाकीचे पुढे जातात, थांबून वाट बघतात, मला अवघडल्यासारखं होतं" असं एक वाक्य होतं. ते मी दोनदा वाचलं. यात तुमचं काही चुकत नाही. ग्रुपची रचना चुकते आहे आणि ती बदलता येते.

आम्ही काय करतो ते सांगते. पहिलं म्हणजे, अंतरावर वळत नाही, वेळेवर वळतो. रविवारी निघालो की प्रत्येक जण आपापल्या वेगाने जातो आणि पन्नास मिनिटं झाली की जिथे असेल तिथून माघारी फिरतो. जलद पळणारा लांब गेलेला असतो, चालणारी जवळ असते, आणि परत पायथ्याला सगळे दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने पोचतात. कुणी कुणाची वाट बघत ताटकळत नाही, कुणी मागे राहिलं असं होत नाही, कारण वळल्यावर मागचाच पुढे असतो. अंतराचे मोठे रविवार, म्हणजे सोळा आणि अठराचे, तेवढे किलोमीटरवर करतो आणि चालणाऱ्यांना चाळीस मिनिटं आधी सोडतो.

दुसरं, गट वेगावर पाडत नाही, श्वासावर पाडतो. चालता-पळता तुम्हाला घराचा पत्ता, गल्ली, पेठ, सातारा, ४१५००१ पर्यंत, मध्ये धाप न टाकता सांगता आला पाहिजे. सांगता आला तर वेग बरोबर. "सदर... बझार..." असं तुटायला लागलं तर वेग कमी करायचा, शेजारी कोण आहे ते न बघता. सरावाचा बहुतेक भाग याच वेगात व्हायला हवा. नवीन माणसाला हे पटत नाही, कारण एवढ्या सावकाशीने काही होतंय असं वाटत नाही. त्यातून आपल्या डोळ्यांसमोर रोज भरतीची पोरं पळत असतात. त्यांच्याकडे बघून शिकू नका. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, सगळा जीव त्या काही मिनिटांत ओतायचा असतो. त्यांचा सराव त्यांच्यासाठी बरोबर आहे. तुम्हाला तीन तासांच्या आसपास पायांवर राहायचं आहे.

तिसरं, शेवटचा माणूस ठरलेला असतो. ग्रुपमधल्या पळणाऱ्यांपैकी एक जण दर रविवारी पाळीने सगळ्यात मागे राहतो, त्याच्याकडे फोन, शिट्टी, क्रेप बँडेज आणि ओआरएसची पाकिटं. तो त्याचा हळू सरावाचा दिवस म्हणून धरतो. निघताना डोकी मोजायची, परत आल्यावर मोजायची. हे एका वर्षी आमच्याकडून राहिलं आणि एक काका पायात गोळा येऊन घाटात पाऊण तास एकटे बसून होते; आम्ही खाली चहा घेत होतो. तेव्हापासून मोजणी झाल्याशिवाय चहाची ऑर्डर जात नाही.

आणि व्हॉट्सअॅपवर वेळा टाकणं बंद करा. कोण आलं होतं एवढंच टाका. कोण किती मिनिटांत आलं हे वाचून मंगळवारी कुणीतरी नको तेवढं पळतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की या एका बाबतीत मी कडक आहे.

पावसाबद्दल. तुमचा जवळजवळ सगळा सराव पावसाळ्यात येणार आहे आणि यवतेश्वरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. कडेची पांढरी पट्टी आणि तिच्या बाहेरचं शेवाळ, दोन्ही ओलं असताना निसरडं असतं, पाय डांबरावरच ठेवा. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, एकामागे एक, कानात काही न घालता. आंधळं वळण असेल तर वळणाच्या बऱ्याच आधी बाहेरच्या बाजूला जा. चमकणारं जाकीट प्रत्येकाला हवंच. ऑगस्टपासून कासला फुलं बघायला येणाऱ्यांच्या गाड्या वाढतात, शनिवार-रविवार तर रांगा लागतात, त्यामुळे साडेसातच्या आत घाटाबाहेर पडायचं हिशोबाने निघा. जोराचा पाऊस सलग दोन दिवस झाला असेल तर दरडीची भीती असते, त्या रविवारी किल्ल्याच्या तीन-चार फेऱ्या मारा. फेऱ्यांमध्ये चढही होतो आणि उतारही, काही बिघडत नाही. ओल्या कपड्यांनी काखेत, मांड्यांना आणि ब्रेसियरच्या पट्ट्यांखाली कातडी सोलवटते. निघण्यापूर्वी तिथे पेट्रोलियम जेली लावा. हे कुणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि मग बायका दोन रविवारनंतर येणंच बंद करतात.

खाण्यापिण्याचं फार मोठं शास्त्र करू नका. एरवी भाकरी, भाजी, डाळ, उसळ, अंडी खात असाल तर ती, पोटभर; या महिन्यांत वजन उतरवायच्या मागे लागू नका. रविवारी निघण्याआधी केळं किंवा दोन खजूर. दीड तासापेक्षा जास्त वेळ असेल तर वाटेत चिक्की, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, पोटाला जे मानवेल ते थोडं थोडं. पाणी तहानेप्रमाणे, घोट घोट. पावसात, थंड हवेत, सावकाश चालणारी माणसं भीतीपोटी नुसतं पाणी पीत राहतात, आणि रक्तातलं मीठ पातळ होऊन गरगरतं, मळमळतं. ते कमी पाण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. लांबच्या दिवशी एका बाटलीत ओआरएस ठेवा, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवलेलं. स्पर्धेच्या दिवशी नवीन काहीही तोंडात घालायचं नाही, कुणी कितीही आग्रहाने दिलं तरी. आणि दुखेल या भीतीने आधीच वेदनाशामक गोळी घेऊन पळायचं नाही, घामाने पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठाभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखं बुटावर आपटून काळी पडतात. सोळापैकी बाराव्या आठवड्यानंतर नवीन बूट घालायचे नाहीत. बाकी ब्रँड कुठला हा प्रश्न गौण आहे.

सरावाला लागण्याआधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. रक्तदाब, साखर, ईसीजी आणि हिमोग्लोबिन. चाळिशीनंतरच्या पुरुषांना हे पटवता येतं, बायका स्वतःला यातून वगळतात. माझ्या ग्रुपमध्ये "मला घाट झेपतच नाही" म्हणणाऱ्या तिघींचं हिमोग्लोबिन दहाच्या खाली निघालं होतं. बाईचं ते बाराच्या पुढे हवं. त्यातल्या दोघी औषध घेऊन चार महिन्यांनी हसत घाट चढल्या. पाळी थांबण्याच्या वयात रक्तस्राव जास्त होत असेल तर हे आधी बघा. पळताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर असं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि सोबतच्यांना सांगायचं, "थोडं चालून बघते" असं म्हणायचं नाही.

स्पर्धेच्या दिवसाचं गणित तुम्हाला शिक्षिका म्हणून आवडेल. वर जाताना किलोमीटरला नऊ मिनिटं आणि उतरताना आठ धरली, तर साडेदहा किलोमीटर चढाला १ तास ३५ मिनिटं आणि तेवढ्याच उताराला १ तास २४. बेरीज तीन तासांच्या आत. नऊ मिनिटं म्हणजे भराभर चालणं आणि मध्ये मध्ये थोडं पळणं, तुम्हाला बाराव्या आठवड्यापर्यंत ते येईल. नाही आलं, चढाला अकरा मिनिटं लागली, तरी सव्वातीन-साडेतीन तासांत होतं. आयोजकांनी शेवटची वेळ काय ठेवली आहे ते त्यांच्या सूचनांत बघून त्याप्रमाणे उलटा हिशोब मांडा, आणि तो तेराव्या रविवारच्या अठरा किलोमीटरवर ताडून पाहा. सुरुवातीला शहरातल्या रस्त्यावर सगळे उधळल्यासारखे पळतात. तिथे पत्ता म्हणून बघा. घाट लागला की चालायला लागा, अगदी पहिल्या वळणापासून, दमायची वाट न बघता. वर वळण्याच्या जागी दोन मिनिटं काढा, पाणी प्या, बुटांच्या नाड्या घोट्यापाशी नीट आवळा म्हणजे पाय पुढे सरकणार नाही. मग पहिले दोन किलोमीटर मुद्दाम राखून उतरा. तिथे हात-पाय हलके वाटतात आणि शेजारून माणसं जात असतात, नेमका तेव्हाच ताबा सुटतो. शेवटच्या तीन किलोमीटरला जे उरलं असेल ते वापरा. रेषा ओलांडल्यावर बसू नका, दहा मिनिटं चालत राहा, कोरडे कपडे घाला आणि मग खा.

राहता राहिला कपड्यांचा प्रश्न. सलवार-कमीज चालेल. माझ्या ग्रुपमध्ये सहा जणी त्यातच पळतात. कापड सुती नको, भिजलं की जड होतं आणि घासतं. झटकन वाळणाऱ्या कापडाची कुर्ती गुडघ्याच्या वर शिवून घ्या, बाजूच्या फटी कंबरेपर्यंत ठेवा. सलवारीऐवजी चुडीदार किंवा लेगिंग, घोट्यापाशी घट्ट, नाहीतर उतारावर बुटात अडकतं. ओढणी घरी ठेवायची नसेल तर कंबरेला बांधा, गळ्यात नको. आतला स्पोर्ट्स ब्रा मात्र चांगल्या मापाचा घ्या, बुटांइतकाच त्यावर खर्च करा. लोक काय म्हणतील असं तुम्ही कंसात लिहिलंय. आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, तेव्हापासून तरी आपल्याकडे पळणाऱ्या बाईकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात, असा माझा अनुभव आहे. पहिले पंधरा दिवस बघतील. नंतर तुम्ही एखाद्या दिवशी दिसला नाहीत तर विचारतील, "मॅडम, काल नाही आलात?" पहिल्या मंगळवारी पायरीवरचा तो व्यायाम करून बघा आणि गुडघा आत झुकतो का ते मला कळवा, त्यावरून पुढचे चार आठवडे ठरवू.